रुमालाखालचा भाव

माळेगावच्या (ता. लोहा, जि. नांदेड) खंडोबा यात्रेत आणि उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात लाल कंधारी, देवणी बैलांचे सौदे पिढ्यान्‌पिढ्या होत आलेत. गिऱ्हाईक आधी जबडा उघडून दात बघतं. दोन दाती म्हणजे साधारण अडीच वर्षांचं गोऱ्हं. आठ दात आले की बैल ‘जुळला’. मग दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतो. भोवतालच्यांना आकडा कळत नाही. कधीकधी मालकालाही नाही, हीच त्यातली गोम! जमिनीचं तसं नाही: इसार, साक्षीदार, खरेदीखत, फेरफार, सगळं कागदावर. जनावर घेतानाही बाजार समितीची पावती मागा आणि कानातल्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक ताडून पाहा.