स्नायूला सावरण्याची सवड

पाऊस सरला आणि भातकापणी आटोपली की रत्नागिरी जिल्ह्यातील गावोगावची कबड्डीची मैदाने गजबजू लागतात. चढाईपटू बचावपटूला शिवण्यासाठी पाय लांब फेकतो किंवा पकडीतून निसटून मध्यरेषेकडे झेपावतो, तेव्हा त्याच्या मांडीच्या मागील स्नायूवर ताणले जाण्याचा आणि त्याच वेळी आकुंचन पावण्याचा दुहेरी भार पडतो व प्रसंगी त्यातील काही तंतू तुटतात. असा दुखावलेला स्नायू पुन्हा दुखावण्याचा धोका अधिक असतो. त्याचे एक महत्त्वाचे कारण स्नायूच्या दुरुस्तीच्या क्रमात आहे.

हाडांना जोडलेल्या स्नायूंच्या तंतूंभोवती एक पातळ आवरण असते आणि त्या आवरणाखाली तंतूला चिकटून काही पेशी सुप्तावस्थेत राहतात. अलेक्झांडर माउरो यांनी 1961 मध्ये बेडकाच्या स्नायूत या पेशींचे वर्णन केले व त्यांना ‘उपग्रह पेशी’ हे नाव मिळाले. इजा होताच रक्तातून आलेल्या भक्षक पेशी मृत तंतूंचा निचरा करतात, उपग्रह पेशी जाग्या होऊन विभागतात, त्यांतील बहुतेक एकमेकींत मिसळून नवे तंतू घडवतात आणि उरलेल्या पुढच्या गरजेसाठी पुन्हा सुप्त होतात. मांडव शाबूत असला की वेल पुन्हा चढतो, तसे जुन्या आवरणाच्या आधाराने नवे तंतू उभे राहतात.

प्रयोगशाळेत या प्रक्रियेच्या अभ्यासासाठी उंदराच्या स्नायूत नागाच्या विषातील एक घटक टोचतात. तो तंतू नष्ट करतो, पण आवरण व उपग्रह पेशी बव्हंशी वाचतात, त्यामुळे तीन-चार आठवड्यांत स्नायू बराचसा पूर्ववत होतो. कोकणच्या कातळसड्यांवर आढळणाऱ्या फुरशासारख्या सापांचे विष मात्र केशवाहिन्यांच्या भिंतींवर व त्यांच्या आवरणावर घाला घालते, आणि रक्तपुरवठाच तुटल्याने स्नायू भरून येण्यात अडथळा येतो. तेव्हा स्नायूचे सावरणे केवळ उपग्रह पेशींवर नव्हे, तर त्यांच्या भोवतालच्या साऱ्या व्यवस्थेवर अवलंबून असते.

वारंवार होणारी इजा हीच व्यवस्था बिघडवते. स्नायूत संयोजी ऊती, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारे धागे, निर्माण करणाऱ्या पेशीही असतात. इजेनंतर त्यांची संख्या वाढते, त्या उपग्रह पेशींना साहाय्य करतात आणि काम झाल्यावर त्यांतील बहुतेक नष्ट होतात. पहिली दुरुस्ती चालू असतानाच दुसरी इजा झाली, तर निचऱ्याचे आणि बांधणीचे परस्परविरोधी रासायनिक संदेश एकाच ठिकाणी मिसळतात, या पेशी टिकून राहतात आणि तंतूंच्या जागी ताठर व्रणऊती साचते. उंदरांच्या स्नायूंतील शेजारच्या भागांना काही दिवसांच्या अंतराने इजा करून 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानेही असाच बिघाड दाखवला. व्रणऊतीला आकुंचन पावता येत नाही, त्यामुळे तिच्या कडेच्या तंतूंवर ताण वाढतो.

वेदना काही दिवसांत ओसरते, पण बांधणीला कित्येक आठवडे लागतात, आणि या दोहोंमधील काळातच खेळाडू मैदानात परततो. त्याने अंथरूण धरावे असे नव्हे, कारण टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम नव्या तंतूंना योग्य दिशा देतो. मात्र ताज्या मुक्या मारावर जोरकस मालिश करणे टाळावे, त्याने रक्तस्राव वाढतो. दोन्ही पायांची ताकद व लवचीकता सारखी झाल्याची खात्री होईपर्यंत चढाई दुसऱ्याकडे सोपवण्याचा निर्णय प्रशिक्षकाने घेतला, तर त्या खेळाडूची पुढची अनेक वर्षे वाचतात.