राजवाड्यांच्या वाटेवर कामगारांची सायकल

कचेरीत रजेचे अर्ज आमच्या हाताखालून जातात. कारणाच्या रकान्यात काय असते? घरी आजारपण, बहिणीचे लग्न, गावी मयत, मुलाचा शाळाप्रवेश. ‘नवरा-बायको सायकलवरून नदीकाठ पाहायला जाणार आहोत’ असा अर्ज अजून तरी आमच्या पाहण्यात आलेला नाही. फिरणे ही पैसेवाल्यांची चैन आणि आपली रजा म्हणजे अडचणीचे दिवस, असे आपण धरूनच चाललो आहोत. म्हणून वाचकहो, आज आम्ही आपल्याला अशा एका देशात नेणार आहोत, जिथे कष्टकऱ्यांनी ही समजूत मोडीत काढली आणि तीही सायकलवर बसून. देश फ्रान्स, नदी लोआर.

१९३६ चा उन्हाळा

१९३६ साली फ्रान्समध्ये लोकआघाडीचा विजय झाला आणि लेओं ब्लूम पंतप्रधान झाले. त्याच सुमारास देशभर संप पेटले. कामगार कारखान्यांतच ठाण मांडून बसले. या रेट्यातून २० जून १९३६ चा कायदा आला. वर्षभर नोकरी केलेल्या कामगाराला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पाठोपाठ चाळीस तासांचा आठवडाही आला. क्रीडा व विरंगुळ्याचे काम पाहणारे तरुण उपमंत्री लिओ लाग्रांज यांनी कामगारांसाठी रेल्वेभाड्यात ४० टक्के सवलतीचे तिकीट सुरू करवले. त्या उन्हाळ्यात लाखो लोक गावाबाहेर पडले. कित्येकांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला.

ज्यांना तिकीटही जड होते, त्यांनी सायकल बाहेर काढली. दोघांनी मिळून पायडल मारायची जोडसायकल, म्हणजे टँडेम, आणि मागे बांधलेले तंबूचे गाठोडे, हे त्या वर्षाचे चित्रच होऊन बसले. समुद्रकिनारे आपल्याच मालकीचे समजणाऱ्या लोकांनी या टोपीवाल्या कामगारांकडे पाहून नाके मुरडली, त्यांना शिव्याही घातल्या. पण चाके थांबली नाहीत. पुढे ही रजा १९५६ मध्ये तीन, १९६९ मध्ये चार आणि १९८२ मध्ये पाच आठवड्यांची झाली.

हा विषय आपल्यालाही परका नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कारखान्यातील कामगारांच्या पगारी रजेचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले होते. विसावा ही मालकाची मेहेरबानी नव्हे, तो कामगाराचा हक्क आहे, ही गोष्ट दोन्हीकडे कायद्यात लिहावी लागली.

बांधावरची वाट

लोआर ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी. तिची लांबी हजार किलोमीटरहून थोडी अधिक आहे. नव्हेर शहराजवळून थेट अटलांटिक समुद्रापर्यंत तिच्या काठाने सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. चौकाचौकात पाट्या आहेत आणि बराचसा रस्ता मोटारींच्या वर्दळीपासून दूर आहे. चढ फारसा नाही. द्राक्षमळे, भाजीचे वाफे, पाण्यातली वाळूची बेटे, मध्येच एखादे दगडी घरांचे गाव. दुपारी अशा गावातून जाताना आपल्याच चेनचा आवाज तेवढा ऐकू येतो.

पुष्कळ ठिकाणी ही वाट नदीच्या जुन्या बांधांवरून जाते. पुरापासून शेते वाचावीत म्हणून बाराव्या शतकापासून हे बांध घालत आले. त्यांवर माती टाकणाऱ्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत, पण आजची सायकल त्यांच्याच कामावरून चालते.

वरच्या अंगाला ब्रिआर गावी एक नवल आहे. १८९६ मध्ये खुला झालेला ६६२ मीटर लांबीचा लोखंडी पूल. त्यावरून रस्ता नव्हे, कालवा जातो. खाली नदी वाहते आणि वर पुलावरून बोटी चालतात.

पुढे ऑर्लेआं शहर लागते. १४२९ मध्ये जोन या शेतकऱ्याच्या मुलीने इंग्रजांचा वेढा उठवला, ते हेच. या शहराशी आपलेही नाते आहे. १९१४ च्या महायुद्धात लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजनचे भारतीय सैनिक मार्सेय बंदरात उतरले आणि आघाडीवर पाठवण्यापूर्वी ऑर्लेआंजवळच्या छावण्यांत आणले गेले. लोआरकाठची थंडी पहिल्यांदा सोसणारे आपल्याकडचे लोक सहलीला नव्हे, मरणाच्या वाटेवर आले होते. फ्रान्सच्या बहुतेक प्रत्येक खेड्यात त्या युद्धातील मृतांचा स्तंभ आहे. इवल्याशा गावाच्या यादीत एकच आडनाव दोन-तीनदा आढळते, तेव्हा एका घरातून किती गेले असतील हे सांगावे लागत नाही.

वाडा आणि गुहा

मग राजवाडे सुरू होतात. शांबोरचा वाडा पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५१९ मध्ये बांधायला घेतला. चारशेहून अधिक खोल्या, शिकारीच्या रानाभोवती ३२ किलोमीटरची भिंत. आत एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने आहेत. एकाने चढणारा आणि दुसऱ्याने उतरणारा एकमेकांना दिसतात, पण त्यांची गाठ पडत नाही. राजाची कारकीर्द बत्तीस वर्षांची, पण या वाड्यात त्याचा मुक्काम सारा मिळून काही आठवड्यांचा! आंब्वाज येथे लिओनार्दो दा विंचीने १५१९ मध्येच शेवटचा श्वास घेतला.

शेर या उपनदीवर पुलासारखा उभा असलेला शेनोंसोचा वाडा मात्र लोकांच्या उपयोगी पडला. पहिल्या महायुद्धात मालकाने, एका चॉकलेट कारखानदाराने, त्याच्या लांब दालनात जखमी सैनिकांचे रुग्णालय उघडले. तेथे दोन हजारांहून अधिक जखमींवर उपचार झाले. दुसऱ्या महायुद्धात याच नदीवर जर्मनव्याप्त भागाची हद्द होती. दालनाचे एक दार या तीरावर, दुसरे त्या तीरावर. त्या दारातून माणसे निसटून गेली.

पण आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती सोम्यूरच्या आसपासची वाट. येथे मऊ पांढरा दगड निघतो, त्याला तुफो म्हणतात. लोआरकाठचे वाडे, चर्च, श्रीमंतांची घरे याच प्रकारच्या दगडाची. दगड होड्यांतून निघून गेला आणि खाणीत पोकळी राहिली. त्या पोकळीत कोण राहिले? खाणमजूर, शेतमजूर, गरीब माणसे. गुहेच्या तोंडाला दारखिडकी बसवायची, वरच्या शेतातून धुरांडे काढायचे, झाला संसार. आज त्यांतील काही गुहांत अळंबी पिकवतात, काहींत खानावळी आहेत. मोटारीतला प्रवासी एका वाड्यापासून दुसऱ्या वाड्यापर्यंत जातो. सायकलवाल्याला मधली गुहा दिसते. वाडा आणि गुहा एकाच दगडाची दोन अंगे आहेत, हे त्याला पायडल मारता मारता कळते.

गृहिणींना आणि मुलांना

आमच्या भगिनी विचारतील, मुलाबाळांसह हे जमते का? जमते. सामान कॅरिअरच्या दोन बाजूंच्या पिशव्यांत भरतात आणि दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरवर भागवतात. बारा वर्षांखालील मुलांना २०१७ पासून हेल्मेट सक्तीचे आहे. कित्येक गावांच्या नगरपालिका तंबूची जागा चालवतात, ती हॉटेलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. खेड्यातील दुकाने दुपारी बंद असतात आणि रविवारी-सोमवारी भाकरीची पंचाईत होते, म्हणून पाव-चीज आधीच घेऊन ठेवतात. वाटेत पाणी संपले तर जाणते सायकलवाले गावच्या दफनभूमीत नळ शोधतात, मात्र पाणी पिण्याचे आहे की नाही ते पाटीवर पाहूनच भरतात. वारा बहुधा समुद्राकडून येतो, म्हणून काहीजण समुद्रापासून निघून उलट वर येतात. पाठीवर वारा घेण्याची ही साधी युक्ती.

नांतचा घाट

समुद्राच्या अलीकडे नांत हे मोठे बंदर आहे. अठराव्या शतकात फ्रान्सच्या गुलाम व्यापाराचे हे मुख्य ठाणे होते. इथली जहाजे आफ्रिकेतील माणसे पकडून नेणाऱ्या व्यापारात गबर झाली, आणि व्यापाऱ्यांचे वाडे आजही उभे आहेत. फ्रान्सने गुलामगिरी १७९४ मध्ये बंद केली, नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली, आणि १८४८ मध्ये ती कायमची संपली. २०१२ मध्ये याच शहराने नदीच्या घाटावर गुलामगिरीच्या उच्चाटनाचे स्मारक उभारले. घाटाच्या फरसबंदीत काचेच्या दोन हजार पट्ट्या बसवल्या आहेत. बहुतेकींवर गुलामांच्या व्यापाराला निघालेल्या एकेका जहाजाचे नाव आणि साल आहे. तिथे सायकलवरून उतरावे लागते. खाली वाकून वाचावे लागते.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी लोआरकाठी जाणारे थोडेच असतील. पण वाट कोणतीही असो, घरच्यांना घेऊन निघताना दोन गोष्टी बरोबर असू द्या. हा विसावा कोणाच्या लढ्याने मिळाला याची आठवण ठेवा. आणि वाडा दिसला की त्याचा दगड कोठून आला, तो कोणी उचलला, एवढे मुलांना जरूर विचारा.