शंभर अंडी आणि एकच पिल्लू

आज आम्ही दोन आयांबद्दल बोलणार आहोत. एक हिरवी समुद्री कासवीण, दुसरी आफ्रिकेच्या जंगलातली चिंपांझी.

कासवीण रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वर वाळू ओढते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लांना पक्षी, खेकडे, मासे टिपतात. हजारात एखादंच मोठं होतं, तेही वयात यायला वीस वर्षांहून जास्त घेतं. (आपल्या वेळासला येतात ती ऑलिव्ह रिडले, वेगळ्या जातीची.) पण अंडी राखली, मोठी कासवं जाळ्यात अडकू दिली नाहीत, की संख्या वाढते. तशी ती वाढलीही. २०२५ मध्ये जागतिक यादीत हिरवं कासव 'धोक्यात' या वर्गातून बाहेर आलं.

चिंपांझीचं गणित उलटं. एका वेळी बहुधा एकच पिल्लू, पुढचं साधारण पाच वर्षांनी. आठ-दहा वर्षं ते आईच्या मागेमागे असतं; काडीने वारुळातली वाळवी काढायला तिचं बघूनच शिकतं. अशी एक आई मेली तर नुकसान लवकर भरून येत नाही. इथे नुसती राखण पुरत नाही, अख्खं जंगल टिकावं लागतं.

टांझानियात गोम्बे इथे जेन गुडाल यांनी १९६० पासून चिंपांझींचा अभ्यास केला. भोवतालचं जंगल शेतीसाठी, सरपणासाठी तुटत होतं. लोकांना तरी दुसरं काय होतं? म्हणून १९९४ मध्ये त्यांच्या संस्थेने गावांतच काम सुरू केलं. रोपवाटिका, कमी सरपणाच्या चुली, आणि बायकांना छोटी कर्जं, अगदी आपल्या गटासारखी!