ओझे, भार आणि वजन

नववीला 'कार्य आणि ऊर्जा' हा पाठ शिकवताना आपल्यापैकी बहुतेक जण एक उदाहरण हमखास देतात. डोक्यावर गोणी घेऊन सपाट रस्त्याने चालणारा हमाल गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काहीच कार्य करत नाही, कारण बल उभ्या दिशेत आहे आणि विस्थापन आडव्या. उदाहरण अचूक आहे. पण ते भिवंडीच्या कामतघरातल्या एखाद्या वर्गात सांगून पाहावे. वऱ्हाळादेवीच्या तलावाजवळच्या या वस्तीत आणि आसपास यंत्रमागांचा खडखडाट आहे. सुताचे बीम, कापडाचे तागे आणि गाठी कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावरून इकडून तिकडे जात असतात. हेच काम ज्याचे वडील करतात, रात्री ज्याच्या घरी मानेला तेल चोळले जाते, त्या मुलाला 'कार्य शून्य' हे कसे पटावे? तो उत्तरपत्रिकेत शून्य लिहील, गुणही मिळवील, आणि विज्ञान हे शाळेपुरतेच खरे असते अशी खूणगाठ मनाशी बांधील.

मला वाटते, ही अडचण भौतिकशास्त्राची कमी आणि शब्दांची अधिक आहे. ती सोडवायला लागणारे शब्द त्या मुलाच्या घरातच बोलले जातात.

प्रथम 'वजन' घेऊ. शब्द मूळचा अरबी, बाजारात रुळलेला. तराजूत उतरते ते वजन. दहावीत आपण वस्तुमान आणि वजन यांतला फरक सांगतो आणि 'माझे वजन ५० किलो' म्हणणाऱ्याला टोकतो. थोडे सबुरीने घ्यायला हवे. भाजीवाल्याचा दोन पारड्यांचा तराजू खरोखर वस्तुमानांचीच तुलना करतो. तो चंद्रावर नेला तरी किलोभर कांदे किलोभरच भरतील. ताणकाटा मात्र तिथे सुमारे एक षष्ठांश आकडा दाखवील. म्हणजे बाजाराने ज्याला वजन म्हटले, त्याला पुस्तकाने वस्तुमान म्हटले, एवढेच. मुलाची कल्पना चुकलेली नसते, नाव वेगळे असते.

'भार' संस्कृतातला, 'भृ' म्हणजे धारण करणे या धातूपासून आलेला. इंग्रजीतले 'बेअर' आणि 'बर्डन' हे त्याचे दूरचे भाऊबंद. भार हा शब्द वजनाकडे आधाराच्या बाजूने पाहतो: छताचा भार भिंतींवर, संसाराचा भार थोरल्यावर. पदभार, कार्यभार, वीजकेंद्रांवरचा भार कमी करणारे भारनियमन, सगळीकडे हाच अर्थ आहे. (विज्ञानात आपण अणुभार आणि विद्युतभारही म्हणतो. यांतला दुसरा तर वजनाशी काडीचाही संबंध नसलेला. परिभाषा घडवणाऱ्यांनी एकाच शब्दाला फार राबवले आहे.)

आता 'ओझे'. हा या कुटुंबातला सर्वांत बोलका शब्द. जमिनीवर पडलेल्या गोणीला वजन असते, तिचा भार जमिनीवर असतो, पण ती जमिनीला ओझे होत नाही. खांबावर छताचे ओझे आहे असे आपण सहसा म्हणत नाही. गोणी हमालाच्या पाठीवर चढली की ओझे झाले, खाली टाकली की ओझे उतरले. ओझ्याला वाहणारा जीव लागतो, मग तो माणूस असो की बैल.

आणि हा फरक शरीरशास्त्राने पक्का केला आहे. टेबलावर ठेवलेली गोणी टेबल वर्षभर फुकट पेलते. स्नायूचे तसे नाही. त्यातले मायोसिन या प्रथिनाचे रेणू ॲक्टिनच्या तंतूंना पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. प्रत्येक पकडीमागे एटीपी या रसायनातली ऊर्जा खर्च होते. हात बाहेरून स्थिर दिसला तरी आत ही धरसोड चालूच असते, आणि ऊर्जेची उष्णता होते. शिवाय चालताना प्रत्येक पावलागणिक शरीर आणि ओझे किंचित वर उचलले जाते आणि खाली येते. तेव्हा पुस्तकातले शून्य हे आदर्श सरळ चालीत गोणीवर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झालेल्या कार्याचे आहे, हमालाच्या खर्चाचे नव्हे. सुदैवाने मराठी परिभाषेने 'काम' किंवा 'श्रम' न घेता 'कार्य' हा शब्द घेतला आहे. 'कार्य शून्य, पण श्रम शून्य नाहीत' हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि दोन मिनिटे थांबावे. वर्गातून प्रश्न येऊ लागतात.

वजन तेच आणि ओझे वेगळे, असेही होते. डोक्यावरची चुंबळ पाहा. ५० किलोग्रॅमची गोणी सुमारे ४९० न्यूटन बलाने खाली दाबते. समजा ती डोक्याला २० चौरस सेंटिमीटर जागेत टेकली, तर दाब येतो जवळजवळ २,४५,००० पास्कल, हवेच्या दाबाच्या दुपटीहून अधिक. चुंबळीमुळे तीच जागा १०० चौरस सेंटिमीटर झाली, तर दाब पाचपट उतरून ४९,०००. वजन एक ग्रॅमने घटले नाही. केनियातल्या लुओ आणि किकुयू स्त्रियांचा १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर चकित करणारा आहे. स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचे ओझे घेऊन चालताना त्यांचा ऑक्सिजनचा खर्च वाढतच नव्हता. सवयीने कमावलेली चाल हे त्याचे कारण.

कायद्याला मात्र किलोग्रॅमच लागतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोग्रॅमची मर्यादा सुचवली. महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९ चा; त्याच्या नावातच 'माथा' आहे. २०१५ मध्ये राज्य शासनाने दप्तरासाठी नियम केला तो वेगळ्या जातीचा: दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावे. इथे माप वाहणाऱ्यावरून ठरते. हा वजनाचा नव्हे, ओझ्याचा नियम झाला.

मनाविषयी बोलतानाही आपण हे शब्द वाटेल तसे वापरत नाही. कर्जाचा 'बोजा' सातबाऱ्यावर चढतो आणि फेडल्यावर उतरवून घ्यावा लागतो. उपकाराचे ओझे असते, आणि कौतुकाने माणूस भारावतो. 'दडपण' वरून येते, दडपे पोहे ज्या रीतीने दडपून ठेवतात तसे. 'ताण' मात्र दोन टोकांशिवाय होत नाही. शाळांतल्या पत्रकांत दडपण आणि ताण समानार्थी म्हणून छापले जातात, ते मला पटत नाही. परीक्षेचे दडपण आहे म्हणणाऱ्या मुलाला वरचे कोणी दिसत असते. ताण आहे म्हणणारा बहुधा दोन गोष्टींमध्ये ओढला जात असतो.

वजनातून ताण कसा निर्माण होतो हे कामतघरच्या मुलांना दाखवायला प्रयोगशाळा नको. जुन्या साध्या यंत्रमागावर सुताच्या बीमच्या कडेला साखळी किंवा दोर गुंडाळलेला असतो. त्याचे एक टोक सांगाड्याला आणि दुसरे वजन टांगलेल्या दांडीला बांधतात. घर्षणामुळे बीम मोकळा फिरत नाही आणि उभे धागे ताठ राहतात. विणकाम पुढे सरकते तशी बीमवरची सुताची गुंडाळी बारीक होत जाते. टांगलेले वजन तेवढेच, घर्षणाचा पीळही तेवढाच, पण त्रिज्या निम्मी झाली की धाग्यांवरचा ताण दुप्पट. म्हणून कारागीर मधूनमधून वजन दांडीच्या टेकूकडे सरकवतो, नाहीतर धागे तटातट तुटू लागतात. मुलांना घरी जाऊन एवढेच विचारून यायला सांगावे: बीम भरलेला असताना वजन कुठे असते, आणि संपत आल्यावर कुठे?