सहा मिलिमीटरची पलटण

तांदळाच्या दाण्याएवढ्या सैनिकाला लाल डगला, पांढरे पट्टे आणि काळी टोपी चढवायची, तर कुंचला किती बारीक हवा? ब्रिटनमधील वॉरगेमिंगच्या वर्तुळात नव्याने येणाऱ्याला हाच प्रश्न प्रथम पडतो. जाणकारांचे उत्तर मात्र वेगळे असते : काय रंगवायचे नाही, हे आधी ठरवा.

टेबलावर लढाई खेळण्याचा प्रकार जुना आहे. प्रशियाच्या सैन्याने 1824 मध्ये अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी तो स्वीकारला, तेव्हा नकाशावर नुसते ठोकळे सरकत. एच. जी. वेल्स यांनी 1913 मधील 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांसाठी नियम लिहिले. आज या छंदात 28 मिलिमीटरच्या मूर्ती लोकप्रिय आहेत. पण त्या आकारात वीस-तीस मूर्तींनाच सहाशे जणांची पलटण मानावे लागते आणि डोळ्यांना ती पहाऱ्याची तुकडी वाटते. सहा मिलिमीटरच्या, म्हणजे सुमारे 1:300 प्रमाणातील, मूर्ती 60 बाय 30 मिलिमीटरच्या पट्टीवर दाटीने उभ्या राहिल्या की पलटण पलटणीसारखी दिसते.

हे सैन्य दोन-तीन फुटांवरून पाहिले जाते. तेवढ्या अंतरावर डोळे, गुंड्या, मिशा दिसत नाहीत. त्या रंगविणे म्हणजे शुद्ध वेळेचा अपव्यय. दिसतो तो रंगांतील विरोध. रंगाचा ठिपका जितका लहान, तितका तो गडद भासतो. त्यामुळे डगल्याचा लाल मूळ कापडापेक्षा उजळ घ्यावा लागतो. मूर्ती धुऊन, दहा-बारा एकत्र एका काडीवर चिकटवून त्यांना काळे अस्तर देतात. मग सर्वांचे डगले, सर्वांच्या विजारी, सर्वांचे चेहरे, असा एकेक रंग ओळीने फिरतो. खाचांत राहिलेले काळे अस्तर सावलीचे काम फुकटात करते. शेवटी छातीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांची एक फराटी मारली की रांग जिवंत होते. एक सवय तेवढी टाळावी : कुंचल्याचे टोक ओठांनी जुळविण्याची. मूर्तीच्या मिश्रधातूत शिसे असू शकते.

मात्र 'काय वगळायचे' हे इतिहास वाचल्याखेरीज कळत नाही. आजच्या जालना जिल्ह्यात 23 सप्टेंबर 1803 रोजी झालेली असईची लढाई हे त्याचे उत्तम उदाहरण. मराठी सैन्य म्हणजे रंगीबेरंगी जमाव, असे समजून सगळीच फौज निरनिराळ्या रंगांत रंगविणे सोपे आहे, पण ते चूक आहे. घोडदळाला ते शोभते. तेथे चार-पाच रंगांचे फेटे आणि अंगरखे मुद्दाम विस्कळीत वाटावेत. शिंद्यांचे पायदळ मात्र कवायती होते. पोलमनच्या हाताखालच्या त्या पलटणी आणि तोफखाना यांनी वेलस्लीच्या फौजेचे दीड हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी केले. त्यांच्या रांगा कंपनीच्या शिपायांइतक्याच एकसारख्या दिसल्या पाहिजेत; अन्यथा वेलस्लीला ही लढाई एवढी जड का गेली, हे टेबलावर उमगणार नाही.

पट्टीवरची जमीनही तशीच जपून रंगवावी. भारत म्हणजे पिवळी वाळू, हा समज येथे कामाचा नाही. कैलना नदीकाठची माती काळी आहे, आणि सप्टेंबरअखेरीस तिच्यावर हिरवळ असते.