हाक मारा, मग कान द्या

लहानपणी आडात वाकून हाक मारायचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळला असेल. जोरात ‘ओ’ म्हणायचं आणि आतून परत येणारा ‘ओ’ ऐकायचा. त्या खेळाचा नियम कुणी न शिकवता कळायचा. आपलं ओरडणं थांबलं नाही, तर आडाचं उत्तर ऐकू येत नाही. मित्रहो, आज ज्याविषयी बोलायचं आहे, तो ‘पल्स इंडक्शन’ जातीचा मेटल डिटेक्टर नेमका याच नियमावर चालतो. त्याचं सामान इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. सोल्डरिंग येणारा कॉलेजचा विद्यार्थी तो घरच्या टेबलावर जोडू शकतो. मात्र जोडल्यावर पहिल्याच दिवशी तो बहुधा नीट चालत नाही. का चालत नाही, हे शोधताना जे शिकायला मिळतं, ते तयार यंत्र विकत घेऊन मिळत नाही.

आधी हे यंत्र काय करतं ते पाहू. जमिनीवरून फिरवायच्या तबकडीत तांब्याच्या तारेची कॉइल असते. तिच्यातून सुमारे १०० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग, एक-दोन अँपिअर प्रवाह सोडतात आणि एकदम तोडतात. ही झाली हाक. प्रवाह तुटला की कॉइलभोवतीचं चुंबकीय क्षेत्र नाहीसं होतं. जवळ धातूची वस्तू असेल तर या बदलामुळे तिच्यात भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह निर्माण होतात. हाक थांबली तरी ते क्षणभर रेंगाळतात आणि त्यांच्यामुळे त्याच कॉइलमध्ये अगदी क्षीण विद्युतदाब उमटतो. हे झालं उत्तर. तांब्याचा जाड पेला असेल तर उत्तर बराच वेळ टिकतं. बारीक अंगठी किंवा चॉकलेटचा चंदेरी कागद असेल तर ते फार लवकर विरतं.

खरी अडचण इथेच आहे. प्रवाह तोडताना कॉइलच्या टोकांशी तीन-चारशे व्होल्टचा झटका बसतो, आणि त्यानंतर दहा-पंधरा मायक्रोसेकंदांतच व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही लहान उत्तर ऐकायचं असतं. फटाक्यांची माळ संपता संपता शेजारच्याची कुजबुज ऐकण्यासारखं हे आहे.

कॉइलसाठी मोटर वाइंडिंगच्या दुकानातून २४ गेजची एनॅमलची तार वीस-बावीस मीटर आणावी. फळीवर २५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढून त्यावर खिळे ठोकावेत, २५ वेढे घ्यावेत, दोऱ्याने घट्ट बांधावेत आणि खिळ्यांवरून सोडवून प्लास्टिकच्या तबकडीत चिकटवून टाकावेत. बाकीचं मंडळ समजायला सोपं आहे. ५५५ हा टाइमर सेकंदाला काहीशे वेळा इशारा देतो. आयआरएफ ७४० सारखा मॉसफेट प्रवाह जोडतो आणि तोडतो. एनई ५५३४ सारखा अँप्लिफायर उत्तर हजारपट मोठं करतो. झटक्याने तो जळू नये म्हणून त्याच्या तोंडाशी एक रेझिस्टर आणि उलटसुलट जोडलेले दोन डायोड असतात. पुढचा भाग ठरावीक क्षणीच उत्तर टिपतो आणि शेकडो उत्तरांची सरासरी काढतो. गोंगाट दर वेळी वेगळा असतो, उत्तर दर वेळी तेच असतं. म्हणून सरासरीत गोंगाट घटतो आणि उत्तर उरतं. यंत्र चालू असताना कॉइलच्या टोकांना हात लावू नये, आणि पेसमेकर बसवलेल्यांनी त्यापासून लांब राहावं.

आता बिघाडांकडे वळू. पहिला बिघाड कॉइलच्या स्वतःच्या निनादाचा. देवळातली घंटा वाजवल्यावर ती घुमत राहते, तशी प्रवाह तोडल्यावर कॉइलही घुमते. तिचं घुमणं चालू असताना ऐकलं, तर यंत्राला स्वतःचाच आवाज ऐकू येतो आणि समोर धातू असला-नसला तरी फरक पडत नाही. घंटेवर तळवा ठेवला की ती गप्प होते; इथे तळव्याचं काम कॉइलला समांतर जोडलेला रेझिस्टर करतो. त्याची किंमत साधारण ४०० ते १००० ओहमच्या दरम्यान पडते. ती फार मोठी झाली तर निनाद राहतो, फार लहान झाली तर कॉइल सुस्तावते आणि अंगठीचं उत्तर हातचं जातं. ऑसिलोस्कोप असेल तर फारच छान. नसेल तर वेगवेगळ्या किमतींचे रेझिस्टर एकेक करून लावावेत आणि कोणत्या रेझिस्टरला अंगठी सर्वांत लांबून सापडते ते वहीत लिहावं. हा रेझिस्टर दोन वॅटचा असावा, पण तार गुंडाळलेला नसावा. कारण तो स्वतःच एक छोटी कॉइल असतो.

दुसरा बिघाड म्हणजे आपल्या अवतीभवतीचा धातू. माझं पहिलं यंत्र टेबलावर सतत किंचाळायचं. मी दोन आयसी बदलल्या, सगळे जोड पुन्हा सोल्डर केले, तरी तेच. शेवटी वैतागून ते अंगणात नेलं, तर एकदम शांत. घरात ते खालच्या स्लॅबमधल्या सळ्या दाखवत होतं. यंत्र खरं बोलत होतं, मी त्याला खोटं ठरवत होतो.

या चुकीला मोठा इतिहास आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठे आहे ते कळेना. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी त्यासाठी धातू शोधणारं उपकरण तयार केलं. त्याची रचना आजच्या पल्स यंत्राहून वेगळी होती, पण तत्त्व प्रवर्तनाचंच. प्रयोगात चालणारं हे उपकरण अध्यक्षांच्या बिछान्याशी गोंधळलं. त्यांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांनी शोध घेऊ दिला तो उजव्या बाजूला. गोळी होती पाठीच्या कण्याच्या डाव्या बाजूला. १९ सप्टेंबरला अध्यक्षांचं निधन झालं. उपकरणाला दोष देण्याआधी ते कुठे धरलं आहे हे पाहावं, हा धडा त्यातून घ्यायचा.

म्हणून तपासणीचा क्रम ठरवून घ्यावा. यंत्र मोकळ्या मैदानात न्यावं. हातातलं घड्याळ, बांगड्या, खिशातल्या किल्ल्या आणि मोबाइल दूर ठेवावेत. तबकडीला लोखंडी स्क्रू नाही ना, ते बघावं. विजेवरचा ॲडॉप्टर काढून १२ व्होल्टची बॅटरी लावावी. तबकडीवर टिचकी मारल्यावर आवाज आला तर वेढे सैल आहेत किंवा केबल हलते आहे. तारेवरचं एनॅमल नीट न खरवडता सोल्डर केलं, तरी आवाज असाच येतो आणि जातो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर यंत्र सुधारलं तरी कशामुळे ते कळत नाही.

शेवटचा प्रश्न मातीचा. समुद्राच्या ओल्या, खाऱ्या वाळूत इतर यंत्रं बावरतात, तिथे पल्स यंत्र चांगलं काम करतं. कोकणातल्या जांभ्याची गोष्ट मात्र वेगळी. त्यातले लोहाचे बारीक कण हाकेनंतर स्वतःच हळूहळू शांत होतात, आणि यंत्राला ते धातूचं उत्तर वाटतं. तिथे तबकडी जमिनीपासून थोडी वर, एकाच उंचीवर फिरवावी.

हे यंत्र चाललं की पावलं किल्ल्याकडे वळू लागतात. तो मोह आवरायलाच हवा. संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीशिवाय उत्खनन करणं हा गुन्हा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, एखादं नाणं कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडलं यातच त्याचा अर्धा इतिहास असतो. ते उपटून काढलं की तो पुसला जातो. बॉम्बगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता मागे फिरावं आणि पोलिसांना कळवावं.

आपल्यासाठी कामं कमी नाहीत. शेतात भांगलताना बोटातून निसटलेली अंगठी, अंगणाखालून गेलेली लोखंडी पाइप, गवतात पडलेला विळा. मालकाला विचारावं, शोधावं, आणि निघताना खणलेला खड्डा बुजवून यावं.