संगणकांची इर्जिक

मोसंबीची पारख सालीवरून होत नाहीं. छत्रपति संभाजीनगराहून बीडकडे जाणाऱ्या सडकेवर, पैठण तालुक्यांत, पाचोड हें मोसंबीच्या बाजारासाठीं नांवाजलेलें गांव आहे. मोसंबीचें जाणतें गिऱ्हाईक पिवळ्याधमक सालीवर भुलून भाव बोलत नाहीं; ढिगांतलें एखादें फळ कापून रस किती निघतो तें पाहतें. हाच शहाणपणा संगणकाच्या खरेदीच्या वेळीं मात्र पुष्कळांना सुचत नाहीं. खोक्यावर छापलेला वेगाचा आंकडा मोठा दिसला कीं यंत्र उत्तम, अशी समजूत करून घेतली जाते. हा आंकडा म्हणजे फळाची साल होय. संगणकाचा रस कसा मोजावा, आणि तो पाचोडसारख्या गांवीं मोजल्यास उत्तर निराळें कां येतें, याचा विचार येथें करावयाचा आहे. आणि तोहि एका विशेष कामाच्या निमित्तानें.

तें काम समजण्यास खेड्यांतील एक जुनी रीत आठवावी. ज्याच्या शेतांत नांगरणी तुंबली असेल त्याच्या हांकेला गांवचे लोक आपापल्या बैलजोड्या व अवजारें घेऊन येतात, काम एका दिवसांत उरकतात, आणि शेताचा धनी सर्वांना जेवूं घालतो. मजुरी कोणी घेत नाहीं. या रीतीला इर्जिक म्हणतात. गेल्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनीं हीच रीत संगणकांना लावली. १७ मे १९९९ रोजीं अमेरिकेंतील बर्कली येथील विद्यापीठानें ‘सेटी ॲट होम’ नांवाचा उपक्रम सुरू केला. आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरींत कोणा बुद्धिमान् प्राण्याचा संदेश आहे काय, हें शोधण्याचें अवाढव्य गणित त्याच्या चालकांनीं लहान लहान तुकड्यांत वांटलें, आणि घरोघरचे संगणक रिकामे असतांना ते तुकडे सोडवावे, अशी हांक दिली. लक्षावधि लोकांनीं तिला ओ दिली. ३१ मार्च २०२० नंतर त्या उपक्रमानें नवे तुकडे वांटणें थांबविलें. परंतु त्यांतून निघालेली ‘बॉइंक’ नांवाची आज्ञावली पुढें अनेक प्रकल्पांना उपयोगी पडली.

एवढ्या मोठ्या गणिताची गरज कोणाला पडते, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत उभा राहील. त्याचें उत्तर मराठवाड्यांतच सांपडतें. हिंगोली जिल्ह्यांत, ज्योतिर्लिंगासाठीं प्रसिद्ध असलेल्या औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास ६ एप्रिल २०२३ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें अंतिम मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज २,६०० कोटी रुपयांचा आहे. या वेधशाळेची थोरली भावंडें अमेरिकेंत आहेत. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत प्रकाशाचे झोत सोडून त्या भुजांच्या लांबींत पडणारा अतिसूक्ष्म फरक तेथें टिपला जातो. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अशी लहर प्रथम हातीं लागली.

परंतु वेधशाळेच्या नोंदींत खरी लहर गोंगाटाखालीं दडलेली असते. ती ओळखण्याची एक रीत अशी: लहर कशी दिसेल याचे असंख्य नमुने गणितानें आधींच तयार करावयाचे, आणि नोंदीचा प्रत्येक भाग प्रत्येक नमुन्याशीं ताडून पाहावयाचा. असे नमुने किती असावे व त्यांत अंतर किती ठेवावें, या प्रश्नावर पुण्याच्या आयुका या संस्थेंतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनीं १९९१ सालीं पायाभूत काम केलें. नमुने विरळ ठेवले तर लहर निसटते. दाट ठेवले तर गणित डोंगराएवढें होतें. गरगर फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याची अखंड, मंद लहर शोधावयाची असेल, तर हा डोंगर आणखीच वाढतो; कारण ताऱ्याची दिशा ठाऊक नसते, त्याच्या फिरण्याची गति ठाऊक नसते, आणि ऐकणारी पृथ्वी स्वतः फिरत असते.

या डोंगरासाठीं २००५ सालच्या फेब्रुवारींत ‘आइन्स्टाइन ॲट होम’ ही इर्जिक सुरू झाली. अमेरिकेंतील मिलवॉकीचें विद्यापीठ आणि जर्मनींतील माक्स प्लांक संस्था यांनीं ती चालविली. गुरुत्वीय लहरींबरोबरच रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींतून स्पंदक तारे शोधण्याचें कामही तिनें हातीं घेतलें. २०१० सालीं तिला पहिला नवा तारा मिळाला. त्याची नोंद पोर्तो रिको बेटावरील अरेसिबो दुर्बिणीची होती. परंतु ती चाळली होती आयोवा संस्थानांतील एका दांपत्याच्या आणि जर्मनींतील माइन्त्स शहरच्या एका गृहस्थाच्या संगणकांनीं. वेधशाळेबाहेरच्या माणसांच्या संगणकांवर तारा सांपडला! त्यानंतर सांपडलेल्या ताऱ्यांची संख्या पन्नासाच्या पुढें गेली आहे.

लहानांनीं एकत्र येऊन मोठ्याचें काम करण्याची ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाहीं. अमेरिकेकडून महासंगणक मिळेना, तेव्हां पुण्यांत १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था निघाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं तिनें ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यांत एकच बलाढ्य गणकपेशी नव्हती. ट्रान्सप्यूटर नांवाच्या अनेक लहान पेशी एकमेकींस जोडून कामाला लावल्या होत्या. भेद इतकाच कीं ‘परम’मधील पेशी एका छताखालीं नांदत होत्या, आणि इर्जिकींतील संगणक जगभर विखुरलेले असतात.

आतां बैलांकडे वळूं. इर्जिकींत कोणी खिल्लारी जोडी आणतो, कोणी डांगी आणतो. संगणकांतहि एक ठेंगणी जात आहे. इंग्लंडांत केंब्रिज येथें मुलांच्या शिक्षणासाठीं तयार झालेला व २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं बाजारांत आलेला ‘रास्पबेरी पाय’ हा तिचा नामांकित नमुना. पत्त्याच्या पानाएवढ्या एकाच बोर्डावर संपूर्ण संगणक बसविलेला असतो. पहिल्या नमुन्यांत एकच गणकपेशी होती व तिचा ठोका सेकंदास ७० कोटींचा होता. २०२३ सालच्या पांचव्या नमुन्यांत चार पेशी आहेत व ठोका २४० कोटींवर गेला. असें यंत्र दिवसरात्र चालूं ठेवून विज्ञानाच्या इर्जिकींत उतरवावें, अशी हौस अनेकांना वाटते. प्रश्न हा कीं, हा ठेंगणा बैल खरोखर किती नांगरतो, आणि वैरण किती खातो?

या प्रश्नाचें झटपट उत्तर देणाऱ्या कसोट्या पूर्वींपासून आहेत. १९७२ सालीं इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत ‘व्हेटस्टोन’ नांवाची कसोटी झाली. ती अपूर्णांकांच्या गणिताचा वेग सांगते. १९८४ सालीं निघालेली ‘ध्रायस्टोन’ ही पूर्णांकांच्या कामाचा वेग सांगते. बॉइंक ही आज्ञावली संगणकावर बसतांच या दोन्ही जातीच्या कसोट्या आपण होऊन घेते व आंकडे लिहून ठेवते. परंतु या कसोट्या फार छोट्या आहेत. त्यांचें सारें गणित पेशीच्या अगदीं हाताजवळच्या स्मृतींत मावतें. खऱ्या कामांत माहितीचे गठ्ठे दूरच्या स्मृतींतून सारखे आणावे लागतात, आणि ठेंगण्या बोर्डावर हा रस्ता अरुंद असतो. चारहि पेशींनीं एकदम गाड्या हांकल्या तर वाटेंत खोळंबा होतो. म्हणून चार पेशी असल्या तरी काम चौपट होईलच असें नाहीं. क्वचित् तीनच कामें एका वेळीं चालविणें अधिक लाभाचें ठरतें. ही गोष्ट छोट्या कसोटीला कळत नाहीं. ती कळण्यास खरेंच काम द्यावें लागतें: एकाच जातीचे पुष्कळसे तुकडे ओळीनें सोडवून घ्यावे, आणि प्रत्येकास लागलेला वेळ टिपावा.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पेशी तापली कीं यंत्र आपलें आपण मंदावतें. रास्पबेरी पायची ही मर्यादा ८० अंश सेल्सियसच्या आसपास सुरू होते. समजा, पूर्ण भारावर पेशीचें उष्णतामान खोलीपेक्षां ४५ अंशांनीं अधिक राहतें. थंड देशांतील प्रयोगशाळेंत खोली २२ अंशांवर असेल, तर पेशी ६७ अंशांवर सुखानें काम करील. पाचोडला वैशाखांत पत्र्याखालच्या खोलींत ४० अंश असले, तर पेशीला ८५ अंश गांठावे लागतील. अर्थात् ती त्याआधींच पाय मंद करील. यंत्र तेंच, काम तेंच, पण उत्तर निराळें. परदेशांत घेतलेली कसोटी खोटी नसते. ती परदेशच्या हवेची असते, इतकेंच.

तिसरी गोष्ट वैरणीची, म्हणजे विजेची. येथें कल्पित आंकड्यांनीं हिशेब मांडून पाहणें बरें. समजा, ठेंगणा बोर्ड भिंतीच्या खुंटीवर मोजतां ६ वॅट वीज घेतो आणि एका वेळीं चार तुकडे १२ तासांत सोडवितो. म्हणजे ७२ वॅट-तासांत चार तुकडे झाले. एकास १८ पडले. शेजारचा मोठा संगणक १५० वॅट घेतो, पण एकदम आठ तुकडे तीन तासांत उरकतो; त्याचे ४५० वॅट-तास झाले व एका तुकड्यास सुमारें ५६ पडले. दिवसाच्या हिशेबानें मोठ्यानें ६४ तुकडे केले आणि लहानानें अवघे आठ. वेग पाहणारा मोठ्याच्या गळ्यांत हार घालील. परंतु एका युनिट विजेंत लहान यंत्र ५५ तुकडे करतें आणि मोठें यंत्र १७. वर्षभर अखंड चालविल्यास लहान यंत्राला सुमारें ५३ युनिटें लागतील, मोठ्याला १,३१४. गृहस्थाला वीजबिल भरावयाचें असतें. त्याच्या दृष्टीनें दुसराच हिशेब खरा.

याच हिशेबांत उन्हाळा मिळवूं. उष्णतेनें मंदावून तेच चार तुकडे १६ तासांत झाले आणि वीज ५.५ वॅट लागली, तर एका तुकड्यास २२ वॅट-तास पडतील. बोर्डावर अर्धा वॅट खाणारा लहानसा पंखा बसविला आणि काम पुन्हां १२ तासांवर आलें, तर तोच आंकडा साडेएकोणीस होतो. पंखा वीज खातो खरा, पण खाल्लेल्याहून अधिक वांचवितो. असे निर्णय तर्कानें लागत नाहींत, मापनानें लागतात. मापन मात्र भिंतीपाशीं करावें, बोर्डापाशीं नव्हे. कारण मधल्या ॲडॅप्टरमध्यें गळणारी वीजहि बिलांत येते. तें एक-दोन तासांचें नसावें, पांचसात दिवसांचें असावें. आणि वेळेच्या शेजारीं खोलीचें उष्णतामानहि लिहावें.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: उत्तर बरोबर आलें पाहिजे. मोबाइलच्या जुन्या चार्जरवर किंवा बारीक तारेवर बोर्ड चालविला, तर विजेचा दाब पुरा पडत नाहीं. रास्पबेरी पायमध्यें तो सुमारें ४.६३ व्होल्टच्या खालीं उतरला कीं यंत्र इशारा देतें. अशक्त वीज आणि अति उष्णता यांनीं गणितांत चूक शिरूं शकते. विज्ञानाच्या इर्जिकींत यावर पहारा असतो. अनेक प्रकल्पांत एकच तुकडा दोन अनोळखी यंत्रांकडे पाठवितात. उत्तरें जुळलीं तरच तीं मान्य होतात, नाहीं तर तिसऱ्याची साक्ष काढतात. त्यामुळें चुकीचें उत्तर विज्ञानांत शिरत नाहीं, पण त्यावर जळलेली वीज मातीस मिळते. मुदतीनंतर आलेल्या उत्तराचीहि बहुधा तीच गत होते. वीज जाणाऱ्या गांवीं काम मधूनमधून जतन करून पुढें चालूं ठेवण्याची सोय असल्यानें थोड्या खंडानें बिघडत नाहीं. परंतु मुदतीचा अंदाज बांधतांना तो खंडहि धरावा. म्हणून शेवटचा आंकडा केलेल्या तुकड्यांचा नसावा. मान्य झालेल्या तुकड्यांचा, आणि तोहि दर युनिटामागें असावा.

एवढ्यावरून ठेंगणें यंत्र नेहमींच सरस, असा निष्कर्ष मात्र काढूं नये. चित्रांसाठीं बनविलेलीं गणनकार्डें असलेला नवा मोठा संगणक कांहीं जातींच्या कामांत दर युनिटामागेंहि त्याला मागें टाकतो. जो मोठा संगणक इतर कामासाठीं चालूंच असतो, त्याची सगळी वीज इर्जिकीच्या खात्यांत टाकणेंहि न्याय्य नाहीं. वाढीव तेवढीच टाकावी. आणि कांहीं तुकड्यांना लागणारी स्मृति लहान बोर्डावर नसतेच. कोणत्या शेताला कोणता बैल, हें शेत पाहूनच ठरतें.

औंढ्याची वेधशाळा बोलूं लागेल तेव्हां तिच्या नोंदी चाळण्यासहि गणितबळ लागेल. त्या वेळीं मराठवाड्यांतील घरें कामाला उतरावयाचीं असतील, तर त्यांनीं स्वतःच्या हवेंत, स्वतःच्या विजेवर केलेल्या मापनांचें टांचण जवळ ठेवावें. त्यास लागणारी सामग्री थोडी: एक वीज मोजणारें मीटर, एक उष्णतामापक, एक वही आणि आठवडाभराचा धीर. इर्जिकीला आलेल्याची जोडी किती देखणी होती, हें धनी संध्याकाळीं विचारीत नाहीं. नांगरून झालेलें रान तेवढें तो पाहतो.